एक शैवाल, दोन नावं : पोर्फिरा आणि कॉन्कोसेलिसचं प्रकरण

१८९२ साली एडवर्ड बॅटर्स या ब्रिटिश शैवालतज्ज्ञाने एका नव्या प्रजातीचं (genus, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) वर्णन छापलं. किनाऱ्यावरच्या जुन्या शिंपल्यांवर कधी कधी गुलाबी डाग दिसतात. तो रंग वरून लागलेला नसतो. शिंपल्याच्या चुन्यात शिरून आतल्या आत पसरणाऱ्या बारीक, फांद्या फुटलेल्या धाग्यांचा तो रंग. बॅटर्स यांनी त्या धाग्यांना ‘कॉन्कोसेलिस रोझिया’ हे नाव दिलं आणि लाल शैवालांच्या यादीत एका ओळीची भर पडली. पुढची ५७ वर्षं त्या ओळीत कोणाला फारसं काही खटकलं नाही.

त्याच यादीत ‘पोर्फिरा’ ही कितीतरी जुनी नोंद होती. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांना चिकटलेली, जांभळट-तपकिरी, एका पेशीच्या जाडीची पानं. ओली असताना ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीसारखी लिबलिबीत लागतात. लिनियसने १७५३ मध्ये यातल्या एका जातीला ‘उल्व्हा’ या हिरव्या शैवालाच्या प्रजातीत बसवलं होतं. कार्ल आगार्ड यांनी १८२४ मध्ये पोर्फिरा वेगळी काढली. वेल्समध्ये हे शैवाल तासन्‌तास शिजवून खातात. जपानमध्ये त्याच्याच नात्यातल्या जाती कागदासारख्या वाळवून ‘नोरी’ करतात. सुशीच्या भाताला गुंडाळलेली काळसर पट्टी ती हीच.

पान आणि धागा हे एकाच सजीवाचे दोन अवतार आहेत, हे १९४९ मध्ये कळलं. ते कळलं कसं, आणि कळल्यावर वर्गीकरणाचं काय झालं, हा या प्रकरणाचा विषय. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात आपण शैवालांचं वर्गीकरण आधी शिकवतो आणि पुनरुत्पादन नंतर, जणू ते दोन स्वतंत्र धडे आहेत. माझ्या मते ही मांडणी उलटी आहे. तसं मला का वाटतं, ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

उन्हाळ्यात पान जातं कुठे?

तोक्योच्या खाडीतले शेतकरी एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) नोरी पिकवत होते. शरद ऋतूत ओहोटीच्या वेळी चिखलात बांबूच्या आणि झाडांच्या फांद्या रोवायच्या आणि वाट बघायची. नशीब असेल तर काही आठवड्यांत फांद्यांवर तांबूस कोंब दिसायचे. थंडीभर पानं कापायची, बारीक चिरायची, चौकटीत पसरून वाळवायची. वसंत सरता सरता पाणी तापू लागलं की पानं झडून जायची. पुढे फांद्यांच्या जागी आडवी जाळी आली, कोणत्या खाडीत कोंब चांगले धरतात आणि तिथून जाळी कधी हलवायची याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलं. पण बी कुठून येतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. ‘नशिबाचं गवत’ असं त्याला उगाच म्हणत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत उत्पादन कोसळलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ज्याचं बी ठाऊक नाही ते पेरणार कसं?

शास्त्रज्ञ अगदीच अंधारात होते असं नाही. पानाच्या कडेला काय घडतं ते सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहून झालं होतं. काही पेशी विभागून बारीक, फिकट नर युग्मकं तयार करतात. त्यांना शेपूट नसतं. लाल शैवालांत आयुष्याच्या कुठल्याच टप्प्यावर पोहणारी पेशी नसते, नर युग्मक पाण्याने नेलं तिकडे जातं. मादी पेशीला ते भिडलं की फलन होतं, फलित पेशी जागेवरच पुन्हा पुन्हा विभागते आणि तिच्यातून फलबीजाणू बाहेर पडतात. इथवर सगळं स्पष्ट.

घोडं अडायचं ते पुढे. काचपट्टीवर रुजवलेल्या फलबीजाणूतून पान यायला हवं, पण यायचा एक बारीक धागा. तो थोडा वाढायचा, मग खुरटायचा आणि मरायचा. अनेकांनी हे पाहिलं. कोणी म्हणालं, प्रयोगशाळेतली परिस्थिती बरोबर नाही. कोणी म्हणालं, पानाची खुजी रूपं उन्हाळाभर कुठेतरी लपून राहत असतील. मरणारा धागा ही प्रयोगातली चूक मानली गेली. त्याला काहीतरी हवं आहे आणि ते आपण देत नाही, अशी शंका फारशी कोणाला आली नाही.

मँचेस्टर, १९४९

कॅथलीन ड्रू यांचा जन्म १९०१ चा, लँकेशरमधल्या ली या गावचा. मँचेस्टर विद्यापीठातून १९२२ मध्ये त्या वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मँचेस्टरमध्येच काम करू लागल्या, मध्ये शिष्यवृत्तीवर दोन वर्षं कॅलिफोर्नियात, बर्कलीला राहून आल्या. १९२८ मध्ये हेन्री राइट बेकर यांच्याशी लग्न झालं आणि नोकरी गेली. विवाहित स्त्रियांना अध्यापक म्हणून ठेवायचं नाही असा विद्यापीठाचा दंडक होता. त्यानंतरचं त्यांचं जवळपास सगळं काम बिनपगारी संशोधक म्हणून झालं. (पतीही साधे नव्हते. मृत समुद्राजवळ सापडलेली, गंजून कडक झालेली तांब्याची गुंडाळी १९५० च्या दशकात मँचेस्टरमध्ये बारीक करवतीने कापून उलगडली, ती या राइट बेकरांनीच.)

ड्रू यांनी पोर्फिरा अंबिलिकॅलिस या जातीचे फलबीजाणू निर्जंतुक केलेल्या कालवांच्या शिंपांवर सोडले. काचेवर खुरटणारा धागा इथे शिंपेत शिरला, आत जोमाने वाढला, फांद्या फुटल्या आणि शिंपेवर गुलाबी डाग उमटले. डाग ओळखीचे होते. पुस्तकात त्यांना नाव होतं : कॉन्कोसेलिस रोझिया.

२९ ऑक्टोबर १९४९ च्या ‘नेचर’मध्ये हे टिपण आलं. लांबी जेमतेम दोन पानं. या प्रयोगाला महागडं उपकरण लागलं नाही, नवीन रसायन लागलं नाही. धाग्याला चुना हवा होता, तो मिळाला. पण मला त्यांचं श्रेय दुसऱ्या गोष्टीत जास्त वाटतं. शिंपेतला धागा वाढलेला पाहिल्यावर ‘हे तर कॉन्कोसेलिस’ असं म्हणता येण्यासाठी दोन्ही नोंदी डोक्यात एकत्र असाव्या लागतात. पोर्फिरावाले पानं गोळा करत होते, शिंपल्यांत शिरणारी शैवालं अभ्यासणारे शिंपले फोडत होते. दोन्ही टेबलांवर बसणारं माणूस विरळा.

लोकप्रिय कथनात इथून थेट ‘आणि जपानची नोरी वाचली’ अशी उडी मारली जाते. ती खरी नाही. १९४९ च्या टिपणात वर्तुळाचा अर्धाच भाग होता : पानापासून धाग्यापर्यंत. धाग्यापासून पुन्हा पान कसं येतं हे बाकी होतं. शिवाय जात ब्रिटिश होती, जपानी नव्हे, आणि शेतकऱ्याच्या जाळ्यापासून हे सगळं फार दूर होतं.

उरलेलं अर्धं वर्तुळ

ही माहिती क्यूशू विद्यापीठातल्या सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांच्याकडून कुमामोतो प्रांताच्या मत्स्य केंद्रातल्या फुसाओ ओता यांच्याकडे गेली. ओता यांनी शिंपांमध्ये धागे वाढवले, शरद ऋतूपर्यंत सांभाळले आणि त्यांतून सुटलेल्या बीजाणूंनी १९५३ मध्ये कृत्रिम पेरणी यशस्वी करून दाखवली. त्याच वर्षी मुनेनाओ कुरोगी यांनीही धाग्यापासून पानापर्यंतचा प्रवास प्रसिद्ध केला. चीनमध्ये त्सेंग चेंग-क्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात स्वतंत्रपणे तिथल्या पोर्फिराचं जीवनचक्र उलगडलं.

आज नोरीचं पीक वसंतात, जमिनीवरच्या टाक्यांत सुरू होतं. कालवांच्या शिंपांवर फलबीजाणू सोडतात. शिंपा उन्हाळाभर पाण्यात टांगलेल्या असतात, हळूहळू काळपट-गुलाबी होतात. दिवस लहान होऊ लागले आणि पाणी थंडावलं की धाग्यांवर जाडसर पेशींच्या रांगा येतात आणि त्यांतून शंखबीजाणू सुटतात. फिरत्या मोठ्या चाकावर गुंडाळलेली जाळी त्या टाकीतून फिरवतात, तंतूवर किती बीजाणू धरले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि मगच जाळी समुद्रात जाते. १९६० च्या दशकापासून कोवळे कोंब धरलेली जाळी शीतगृहात गोठवूनही ठेवू लागले. पहिलं पीक रोगाने गेलं तर दुसरी जाळी तयार. फांदी रोवून वाट बघण्यापासून इथवर यायला वीस वर्षंही लागली नाहीत.

कॅथलीन ड्रू-बेकर जपानला कधी गेल्याच नाहीत. १९५२ मध्ये त्या ब्रिटिश शैवालशास्त्र संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, १९५७ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी वारल्या. १४ एप्रिल १९६३ रोजी कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे, आरिआके समुद्राकाठच्या सुमियोशी देवस्थानाच्या परिसरात नोरी उत्पादकांनी त्यांचं स्मारक उभारलं. दरवर्षी त्या तारखेला तिथे कार्यक्रम होतो. शेतकरी त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात.

गुणसूत्रांचा हिशेब

पान एकगुणित असतं, म्हणजे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. शिंपेतला धागा द्विगुणित, म्हणजे दोन संचांचा. जपानमध्ये सर्वांत जास्त लावल्या जाणाऱ्या येझोएन्सिस या जातीत पानाच्या पेशीत ३ गुणसूत्रं, धाग्याच्या पेशीत ६. म्हणजे ही दोन रूपं म्हणजे निव्वळ ऋतूप्रमाणे बदललेले कपडे नव्हेत, त्या दोन पिढ्या आहेत.

मॉस आणि नेच्यांच्या बाबतीत हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५१ मध्येच पिढ्यांचं एकांतरण, म्हणजे अशा दोन पिढ्या आलटून पालटून येणं, दाखवून दिलं होतं. मग या लाल शैवालाला आणखी शंभर वर्षं का लागली? मॉसची द्विगुणित पिढी एकगुणित पिढीच्या डोक्यावरच उभी असते, तिला वेगळं नाव द्यायचा प्रश्नच येत नाही. नेच्याचं युग्मकधारी रूप नखाएवढं असतं, तरी त्याच्यातून नेच्याचं रोप वर येताना दिसतं. पोर्फिरात या दोन पिढ्या एकमेकींना भेटत नाहीत. एक खडकावर, एक शिंपेत. एक थंडीत, एक उन्हाळ्यात. मध्ये फक्त डोळ्यांना न दिसणारे बीजाणू.

गुणसूत्रं निम्मी कधी होतात, हा वाद त्यानंतरही बराच काळ चालला. अपेक्षा अशी की अर्धगुणसूत्री विभाजन शंखबीजाणू तयार होतानाच व्हावं. मा आणि मिउरा यांनी १९८४ मध्ये दाखवलं की येझोएन्सिसमध्ये ते बीजाणू रुजताना होतं. बीजाणू द्विगुणितच बाहेर पडतो, जाळ्याला चिकटतो, आणि त्याच्या पहिल्या दोन विभाजनांत गुणसूत्रं निम्मी होतात. याचा परिणाम चमत्कारिक आहे. त्या पहिल्या चार पेशींतली प्रत्येक जनुकीयदृष्ट्या वेगळी असू शकते, आणि पान वाढतं ते त्या चौघींपासून. रंगाचे दोन वाण संकरित केले तर पुढच्या पिढीतलं एकच पान हिरव्या आणि लाल पट्ट्यांचं निघतं. जिला आपण एक व्यक्ती म्हणतो, ती खरं तर चार भावंडांची मोट असते.

वर्गीकरणाला बसलेले धक्के

पहिला धक्का नावाचा. एकाच सजीवाला दोन नावं निघाली की आधी दिलेलं टिकतं. पोर्फिरा १८२४ ची, कॉन्कोसेलिस १८९२ ची. त्यामुळे कॉन्कोसेलिस प्रजाती म्हणून संपली आणि अवस्थेचं नाव म्हणून उरली. पण गोंधळ एवढाच नव्हता. पोर्फिराच्या अनेक जातींचे, आणि तिच्या नात्यातल्या ‘बँगिया’ या केसासारख्या शैवालाचेही धागे शिंपेत जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे एका सजीवाला दोन नावं होती आणि त्यातल्या एका नावाखाली अनेक सजीव होते.

असं एकदाच घडलेलं नाही. १९३८ मध्ये कोर्नमान यांनी दाखवलं होतं की ‘हॅलिसिस्टिस’ हा हिरवा फुगा आणि ‘डर्बेसिया’ हे हिरवे तंतू एकच आहेत. फेल्डमान दांपत्याने त्याच सुमारास ‘फाल्केनबर्जिया’चे गुलाबी गोंडे ‘अ‍ॅस्परॅगॉप्सिस’ची दुसरी पिढी असल्याचं सिद्ध केलं. गुरांच्या पोटातला मिथेन कमी करण्यासाठी ज्याची अलीकडे चर्चा आहे तेच हे अ‍ॅस्परॅगॉप्सिस. त्याची शेती करू पाहणाऱ्यांनाही आधी दोन्ही पिढ्या हाताळाव्या लागतात.

दुसरा धक्का वरच्या पातळीवरचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. लाल शैवालांचे दोन मोठे गट पूर्वापार शिकवले जात : साधे, ‘आदिम’ बँगियासदृश आणि गुंतागुंतीचे, ‘प्रगत’ फ्लोरिडियासदृश. फरकाची एक मोठी खूण म्हणजे शेजारच्या पेशींमधल्या भिंतीतलं बुचासारखं बुजवलेलं छिद्र. प्रगतांत ते असतं, पोर्फिराच्या पानात नसतं. मग कॉन्कोसेलिसचे धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि १९७० मध्ये त्यांत ते बूच सापडलं. एकाच सजीवाच्या एका पिढीत आदिम खूण, दुसरीत प्रगत. पान पाहून बांधलेली भिंत धाग्याने पाडली. पुढे डीएनएच्या तुलनेतूनही हेच निघालं की बँगिया-पोर्फिराचा गण ‘प्रगत’ समजल्या गेलेल्या गटाचाच जवळचा भाऊबंद आहे, आणि ‘आदिम’ म्हणून एकत्र मोट बांधलेली बाकीची मंडळी दूरची.

तिसरा धक्का डीएनएने दिला. पान ते पोर्फिरा आणि तंतू तो बँगिया, ही सोपी विभागणीही टिकली नाही. पानवाल्या आणि तंतूवाल्या शाखा वंशवृक्षावर एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. २०११ च्या फेररचनेत या गणाच्या १५ प्रजाती मानल्या गेल्या : ७ तंतूवाल्या, ८ पानवाल्या. नोरीच्या जाती ‘पायरोपिया’त गेल्या, २०२० मध्ये तिथूनही हलून ‘निओपायरोपिया’त. ड्रू यांची ब्रिटिश अंबिलिकॅलिस मात्र अजून पोर्फिराच आहे. विद्यार्थी या नावबदलांना वैतागतात आणि त्यात त्यांची चूक नाही. दुकानातल्या पाकिटावर ‘नोरी’ लिहिलेलं असतं हे किती सोयीचं!

खडकांतही या दोन्ही रूपांच्या खुणा आहेत, त्याही वेगवेगळ्या. कॅनडाच्या आर्क्टिक भागात सॉमरसेट बेटावर सापडलेलं ‘बँगियोमॉर्फा’ सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचं. ते आजच्या बँगियासारखं दिसतं आणि लैंगिक पुनरुत्पादनाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून त्याचा उल्लेख होतो. शिंपेतला धागा पोलंडमध्ये सापडला, सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीमय अवशेषांत. १९८० मध्ये त्याला ‘पॅलिओकॉन्कोसेलिस’ हे नाव दिलं गेलं. जीवाश्माला जीवनचक्र विचारता येत नाही, त्यामुळे तिथे दोन नावं राहणारच.

कोकणातला पावसाळी अवतार

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर या गटातली एक जात येते, व्हिएतनामेन्सिस. जुन्या नोंदींत पोर्फिरा, मग पायरोपिया, आता ‘फायकोकॅलिडिया’. तिची पानं पावसाळ्यात दिसतात. उघडीप होऊन ऑक्टोबरचं ऊन खडकांवर पडू लागलं की गायब.

जपानी नोरीचं वेळापत्रक इथे लावून बघावं. तिथे पान हिवाळ्यात, कारण धाग्याला बीजाणू सोडायची खूण शरदातल्या आखूड होणाऱ्या दिवसांतून आणि थंडावणाऱ्या पाण्यातून मिळते. इथे पान जून ते सप्टेंबरात, म्हणजे वर्षातले सर्वांत मोठे दिवस ज्या काळात येतात त्याच काळात. तेव्हा आखूड दिवसांची खूण कोकणात लागू पडणार नाही. ढगाळ आभाळ, ओहोटीतही ओले राहणारे खडक, मे महिन्यापेक्षा थंड झालेलं आणि पावसाने गोडसर झालेलं पाणी, उत्तर यांत शोधावं लागेल. इथल्या जातीची लागवड करायची तर कुमामोतोचं वेळापत्रक उचलून आणून भागणार नाही, इथल्या धाग्याची खूण इथेच शोधावी लागेल.

सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एक सूचना असते. पावसाळ्यात पानं गोळा करून कागदावर दाबाल ते ठीक, पण त्याच खडकांच्या खाली पडलेल्या कालवांच्या रिकाम्या शिंपाही उचला आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा जाऊन आणखी आणा. गुलाबी डाग असलेला तुकडा सौम्य आम्लात ठेवला की चुना विरघळतो आणि धागे मोकळे होतात. शिंपेत शिरणारी हिरवी शैवालं आणि निळे-हिरवे जिवाणूही असतात, म्हणून आधी रंग पाहा, मग पेशींमधलं ते बूच शोधा. तरीही तो धागा व्हिएतनामेन्सिसचाच आहे असं नुसतं बघून लिहू नका. त्यासाठी पानाचे फलबीजाणू शिंपेवर सोडून तोच धागा येतो का ते पाहायला हवं, किंवा दोघांचा डीएनए ताडून बघायला हवा. तोवर नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘कॉन्कोसेलिस अवस्था, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.